बाबांच्या आधी

लाल कार्ड आत गेलं, आणि थोड्याच वेळात डॉ. यज्ञेश पाटकर स्वतः दाराबाहेर आले. सकाळच्या गर्दीत ते खुर्ची सोडून उठत नसत. कार्ड त्यांच्या हातात होतं.

“सुमय्या, हे कुणाला दिलं होतं?”

सुमय्या मुकादम तेव्हा पुण्याहून आलेल्या पूजा करंदीकरांना ओपीडीचा व्हरांडा दाखवत होती. पूजा मॅडम ज्या संस्थेतून आल्या होत्या, तिच्या मदतीवर सुमय्याचा ओपीडीतली रांग कमी करण्याचा प्रकल्प चालला होता. तो पुढे चालवायचा की थांबवायचा, हे आजच्या भेटीनंतर ठरणार होतं. सुमय्या नव्याने बसवलेल्या औषधांच्या खिडकीबद्दल बोलत होती. तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

“का? काय झालं?”

“आत एक आजोबा बसलेत. गुडघे दाखवतायत. पावसाळ्यापासून दुखतात म्हणे.” डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “गुडघ्यांना आपण लाल कार्ड देत नाही.”

दारातल्या टेबलाशी सिस्टर संचिता प्रत्येक पेशंटला बसवून नाडी आणि रक्तदाब बघायची, काय होतंय ते विचारायची आणि हातात एक कार्ड द्यायची. हिरवं मिळालं तर बाकावर बसायचं. पिवळं मिळालं तर जरा आधी नंबर लागायचा. लाल मिळालं तर कुणालाही न विचारता सरळ डॉक्टरांपुढे जाऊन उभं राहायचं. लाल कार्ड क्वचित निघे. आज निघालं होतं, आणि ते भलत्याच माणसाबरोबर आत गेलं होतं. ज्याला ते मिळालं होतं, तो बाहेर कुठेतरी होता.

संचिताला आठवायला वेळ लागला नाही.

“निळ्या चौकटीचा शर्ट, खांद्यार टॉवेल. धोंडूकाका, देऊळवाडीचे. दाढ दुखता म्हणाले. पन मॅडम, पंख्याखाली बसान कपाळावरसून घाम गळत होतो. डावो हात सारखो चोळीत होते. प्रेशर एकदम खाली. मीच म्हटलंय, काका, ह्या कार्ड घेवन सरळ आत जावा.”

“आणि गेले?”

“उठले. दाराकडे जाताना मी बघलंय. मगे फुडचो पेशंट इलो.” संचिताचा चेहरा उतरला. “मॅडम, तेच गेले असा मी धरलंय.”

डॉक्टर टेबलाला टेकून उभे होते. “घाम, डावा हात आणि दाढ,” ते म्हणाले. “सुमय्या, ही दाढ नसणार. हृदयाचं दुखणं कधीकधी जबड्यात येतं. मला तो माणूस इथे हवाय. उशीर झाला तर मग काही हातात राहत नाही.”

पूजा मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

हे रुग्णालय एका धर्मादाय ट्रस्टचं, मालवणहून कुणकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, खाडीच्या अलीकडे. सुमय्या लहान असल्यापासून इथे येत होती. तेव्हा सकाळच्या पहिल्या एसटीने माणसं उतरायची आणि व्हरांड्यात वस्तूंची रांग लागायची. दगड, नारळाची सोडणं, मिटलेल्या छत्र्या, चपलेचा एक पाय. वस्तू रांगेत आणि माणसं उंडीच्या झाडाखाली. सुमय्याची आई, बदरुन्निसा, साखरेची पेशंट. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून काही न खाता यायची आणि डॉक्टर येईपर्यंत तशीच बसायची. एकदा ती पायरीवरच कोसळली. लोक धावले, कुणी साखरेचं पाणी दिलं, कुणी पदराने वारा घातला. जरा डोळे उघडल्यावर त्यांनी तिला हाताला धरून उठवलं आणि रांगेत परत तिच्याच जागी नेऊन बसवलं. सगळी प्रेमाची माणसं होती. तिला पुढे न्यावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. सुमय्याच्याही आलं नाही.

पुढे ती कोल्हापूरला रुग्णालय व्यवस्थापन शिकली, तिथल्याच एका मोठ्या रुग्णालयात नोकरीला लागली आणि काही वर्षांनी परत आली. अब्बांनी विचारलं, “हंय येवन काय करतलंस? बिल्डिंग मोठी करूक देतत तुका?” ती म्हणाली, “बिल्डिंग नको. रांग बदलूची आसा.” अब्बा बराच वेळ हसत होते.

रांग बदलताना तिचं सगळ्यांशी भांडण झालं. उशिरा येणाऱ्या डॉक्टरांशी झालं, खिडकी बंद करून चहाला जाणाऱ्या औषधवाल्याशी झालं. ड्रेसिंगचे पेशंट तिने वेगळ्या दाराने घेतले, रक्त द्यायला येणाऱ्यांना सगळ्यांच्या आधी घेतलं. दगड उचलायला सर्वांत जास्त दिवस लागले. ती संध्याकाळी सगळे दगड गोळा करून कुंपणाशी टाकायची, सकाळी तेच दगड परत व्हरांड्यात आलेले असत. मग हळूहळू ते यायचे थांबले. दुपारी रिकामा व्हरांडा बघून संचिता म्हणायची, “मॅडम, आता घराक जावन जेवूक गावता. नवरो विचारता, नोकरी सोडलंस काय?”

आता त्याच व्हरांड्यातून एक माणूस नाहीसा झाला होता.

ती डॉक्टरांच्या खोलीत शिरली. खुर्चीत बाबा परब ताठ बसले होते, दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून. खाडीपलीकडच्या देऊळवाडीतले ते मुख्य मानकरी. देवळात पहिला नारळ त्यांच्या हातून फुटायचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा, आणि गाऱ्हाणं घालणारा आधी त्यांच्याकडे बघायचा आणि मग तोंड उघडायचा. हे सुमय्याला ठाऊक होतं. किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही, कुठल्याही घरातला असो, एवढं ठाऊक असतंच.

“बाबा, हे कार्ड तुम्हाला कुणी दिलं?”

“धोंड्यान.”

“तुम्ही मागितलंत?”

बाबांना प्रश्नच कळला नाही असं दिसलं. “मी कित्या मागतलंय? मी बाकार बसललंय. तो उठलो, माका बघल्यान, येवन हातात ठेवल्यान. बाबा, तुमी जावा म्हणालो.”

“आणि तुम्ही आलात.”

“मगे? तो देता आणि मी नको म्हणतलंय?”

दाराबाहेर देऊळवाडीची पाच-सहा माणसं उभी राहून ऐकत होती. सुमय्याचा आवाज चढला, आणि चढता चढता तो कचेरीतला झाला.

“दुसऱ्याचं कार्ड घेऊन तुम्ही आत आलातच कसे? त्या माणसाची तब्येत गंभीर आहे. त्याला काही झालं तर जबाबदार कोण?”

बाबांनी काठी टेकली आणि सावकाश उठले. दारातली माणसं बाजूला झाली.

“बाय,” ते जाता जाता म्हणाले, “ता लाल कित्या दितत, ता माका कोणी सांगूक नाय.”

ते व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन बसले. वाडीतल्या एका बाईने त्यांच्यासाठी बाकावरची पिशवी उचलून जागा केली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ते म्हणाले ते खरं होतं. सुमय्याने कार्डांचा अर्थ सिस्टरांना सांगितला होता, डॉक्टरांना सांगितला होता, पुण्याला पाठवलेल्या प्रत्येक अहवालात लिहिला होता. बाकावर बसणाऱ्यांना तिने एवढंच सांगितलं होतं की लालवाला आधी जातो. आणि देऊळवाडीत आधी कोण जातो, हे कार्ड ठरवत नव्हतं. पण या क्षणी तिला त्यावर विचार करायला सवड नव्हती.

औषधांच्या खिडकीशी धोंडू नव्हता. नळाशी नव्हता, शौचालयात नव्हता, उंडीखाली नव्हता. नोंदणी करताना दिलेल्या नंबरावर तिने फोन लावला. तो घरीच वाजला. त्याच्या बायकोने, सीताने उचलला.

“सीताकाकी, मी हॉस्पिटलातसून सुमय्या. धोंडूकाका घराक पोचले काय?”

“नाय गो. दाढ दाखवूक म्हणान सकाळीच गेले. कित्या?”

“हयसून खंय जातलंय म्हणाले होते?”

“जाळ्याक दोरी हाडतलंय म्हणाले, मेहबूबच्या दुकानातसून. मगे होडयेन येतले.” सीता थांबली. “बाय, खरा सांग काय झाला ता. काल राती झोपूक नाय ते. उठान उठान बसत होते. मी म्हटलंय छातीत दुखता काय, तर माझ्यारच वसकले. दाढ म्हणान सांगतंय मा, म्हणाले.”

“सापडले की लगेच फोन करतंय. फोन जवळ ठेवा, काकी.”

फाटकापाशी पूजा मॅडमनी तिला गाठलं. “तुमचं सादरीकरण…”

“आल्यावर देते. एक पेशंट आमच्या हातून निसटलाय.”

तिने ‘आमच्या’ म्हटलं. ते तिला ॲम्ब्युलन्समध्ये चढल्यावर जाणवलं.

ॲम्ब्युलन्स ओमकार चालवत होता. बाजाराच्या तोंडाशी मासळीचा टेम्पो आडवा होता, त्याच्या मागे स्कूटर, त्याच्या मागे गाय.

“सायरन लाव.”

“मॅडम, हंय सायरन लावलंय तर बाजूक जातले ते पन बघूक मधी येतत. कोण मेलो काय, विचारतत.” त्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. टेम्पोवाला शिव्या देत मागे सरला.

मेहबूबचं जाळ्यांचं दुकान म्हणजे सुमय्याच्या सख्ख्या चाचांचं दुकान. ती खाली न उतरता खिडकीतूनच ओरडली. “चाचा, देऊळवाडीचो धोंडू इल्लो?”

मेहबूब दोरीची गुंडाळी ठेवून पायरीवर आले. “आत्ताच गेलो. माका तेवाच कायतरी येगळा वाटला. धोंडू आणि भाव न करता दोरी घेता? मी सांगलंय तितके पैशे काढून दिल्यान. पाणी मागल्यान. बस म्हटलंय तर होडी चुकतली म्हणालो.”

“आत्ताची होडी?”

“अगो, सुकती लागली मा. आता गेलो नाय तर सांजपर्यंत खंय होडी?”

ओहोटीला इथे सुकती म्हणतात. सुकती लागली की पलीकडच्या काठाला गाळ उघडा पडतो आणि होडी धक्क्यापर्यंत पोचत नाही, म्हणून होडीवाला पाणी असताना निघतो. धोंडू एकदा पलीकडे गेला की त्याला आणायला ॲम्ब्युलन्सला सगळी खाडी वळसा घालून, वरच्या पुलावरून जावं लागलं असतं. ओमकारने हे ऐकून गाडी जेटीच्या उतारावर घातली. त्या उतारावर मोटार न्यायला बंदी आहे.

होडी सुटली होती. दोर काढून झाला होता, आणि होडीवाला लांब काठीने ती धक्क्यापासून ढकलत होता. होडीत देऊळवाडीची पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यात टोकाला निळ्या चौकटीचा शर्ट. मांडीवर दोरी होती आणि एक हात जबड्याला.

“थांबव रे. होडी थांबव.”

“मॅडम, पाणी उतारता. मगे माका पलीकडे चिखलातसून ओढूची लागतली.”

“एका माणसाक उतरव आणि मगे जा.”

होडीवाल्याने कुरकुरत काठी गाळात रोवली. होडी धक्क्याजवळ आली आणि तिथे डुलत राहिली. सुमय्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली.

“धोंडूकाका, उतरा. डॉक्टरांनी बोलावलाहा.”

धोंडू ओशाळला. त्याच्या ओठांचा रंग बरा नव्हता. “दाढ तर आसा गो. उद्या येतंय.”

“दाढ नाय ती. डॉक्टरांका वाटता तुमच्या हृदयाक कायतरी झालाहा.”

“छातीत खंय दुखता? दाढच दुखता माझी.”

मासळीची रिकामी पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने मान वळवली. “काय रे धोंडू, दाढयेसाठी ॲम्ब्युलन्स? आमची हाडा मोडली तरी आमका कोण रिक्षा धाडूक नाय.”

होडीत हशा पिकला. आणखी कुणी म्हणालं, “दाढ सोन्याची आसतली.”

धोंडूही कसंनुसं हसला, आणि मग आणखी आत सरकून बसला. सुमय्याला दिसत होतं की आपण जितकं ओरडू तितका हा माणूस होडीला धरून बसणार आहे. तिच्या मनात एक क्षण आलं, खरंच दाढ असेल तर? ती डॉक्टर नव्हती. आज, नेमकी आज, ती पाहुण्यांना सोडून जेटीवर उभी राहून एका दाढेसाठी होडी अडवत होती. होडीवाल्याने काठी उपसली.

“मॅडम, काय ता लवकर सांगा.”

धोंडूने टॉवेलाने मान पुसली. टॉवेल ओला झाला होता. मग त्याने खाली बघतच विचारलं, “बाबांचा झाला काय?”

“काय?”

“बाबांका बघल्यानी काय? दाढ दाखवूक मी फुडे आणि ते गुडघे धरून बाकार. माका लाज वाटली. सगळी वाडी बसली होती थंय.” त्याला बोलताना धाप लागत होती. “तेंचा होवंदे. मगे मी येतंय.”

सुमय्या ओरडायची थांबली. तिने फोन काढला आणि संचिताला लावला.

“बाबा परब खंय आसत?”

“थयच, टोकाक. कोणाशी बोलनत नाय. डॉक्टरांनी परत बोलवल्यानी तर उठाक पन तयार नाय.”

“तेंच्या कानाक फोन लाव.”

पावलांचा आवाज आला, ओपीडीतला गलका आला, मग काठीची टकटक. बाबांनी फोन घेतला होता.

“बाबा, मी सुमय्या. मगाशी माझा चुकला. सगळ्यांसमोर मी तुमका तसा बोलूक नको होता. आणि लाल कार्ड कित्या आसता ता मीच तुमका सांगूक होया होता.” तिने श्वास घेतला. “धोंडूकाका होडीत आसत. उतरनत नाय. तुमचा झाल्याशिवाय येवचंय नाय म्हणतत. डॉक्टर म्हणतत, उशीर झालो तर माणूस जायत. माझा ते आयकनत नाय, बाबा.”

होडीवाला आकाशाकडे बघत होता. होडी हातभर मागे सरली, आणखी हातभर.

“धोंड्याक फोन दी,” बाबा म्हणाले.

सुमय्याने आवाज मोठा केला आणि फोन धरलेला हात जितका जाईल तितका पाण्यावर पुढे केला. ओमकारने तिला मागून ओढणीला धरलं. होडीतली माणसं फोनकडे बघत होती.

“धोंड्या.”

“होय, बाबा.” बसल्या जागी धोंडूचा हात कपाळाकडे गेला.

“होडीत बसलस?”

“होय. तुमचा झाला?”

“माझा नाय झाला. माझो नंबर मी तुका दिलंय.”

“नको बाबा. दाढ तर आसा, ती काय…”

“गप. देवळात मी हातात दिलेलो नारळ तू कधी परत केलस?”

धोंडूने मांडीवरची दोरी घट्ट धरली.

“केलस?”

“नाय.”

“मगे उतार.”

धोंडू उठला. मांडीवरची दोरी पायांशी पडली, तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो दोन माणसांना ओलांडून आला आणि तिसऱ्याच्या खांद्याला त्याने हात टेकला, तो तिथेच राहिला. गुडघे वाकले. मघाची म्हातारी पाटी टाकून उठली आणि तिने त्याला कमरेला मिठी मारली. “धरा रे, धरा तेका,” ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. होडीवाल्याने काठी सोडून दिली. त्याने आणि ओमकारने मिळून धोंडूला धक्क्यावर घेतलं. काठी पाण्यातून वाहत निघाली, ती आणायला कुणी गेलं नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये तो एकदाच बोलला. “सीताक सांगू नको.” नंतर सुमय्या त्याला काहीबाही विचारत राहिली. जाळं कुठलं, रापण कधी ओढायची, मुलगा काय करतो. तो डोळे मिटून होता. तिने त्याचं मनगट धरलं होतं, आणि आपल्याला लागतेय ती त्याची नाडी आहे की आपलीच, हे तिला कळत नव्हतं.

या वेळी तो बाकासमोरून गेला तो स्ट्रेचरवरून. बाकावरची माणसं आपोआप उभी राहिली. डॉक्टरांनी ईसीजीचा कागद यंत्रातून बाहेर येत असतानाच वाचला आणि इंजेक्शनचं नाव घेतलं. रक्ताची गुठळी विरघळवणारं ते औषध सुमय्यानेच हट्टाने मागवून ठेवायला लावलं होतं. आत काय चाललंय ते दाराच्या काचेतून दिसत नव्हतं, फक्त संचिताची पाठ दिसत होती, आणि ती फार वेळ वाकलेली होती. एकदा डॉक्टरांचा आवाज आला, “परत बघ. परत बघ प्रेशर.”

ते बाहेर आले तेव्हा त्यांचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. “सध्या आहे,” ते म्हणाले. “पण इथे ठेवता येणार नाही. गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं. वाटेत काय होईल ते सांगता येत नाही.”

सीताला आणायला होडी आधीच परत गेली होती. होडीवाल्याने काठी दुसऱ्याची घेतली आणि पलीकडे गुडघाभर चिखलात उतरून तिला खांद्यावरून आणलं. ती ओल्या लुगड्यानिशीच ॲम्ब्युलन्समध्ये चढली. तिच्याबरोबर संचिता गेली. ओमकारने आता न विचारता सायरन लावला.

मग सुमय्या कार्यालयात गेली. पूजा मॅडम तिथे बसून होत्या. समोर लॅपटॉप उघडा होता, त्यावर सुमय्याने तयार केलेलं सादरीकरण. थांबण्याचा वेळ किती उतरला ते दाखवणारी रेघ त्यात होती, डोंगरावरून उतरणाऱ्या वाटेसारखी.

“हे सगळं मी पाहिलं,” त्या म्हणाल्या. “आकडे चांगले आहेत. आजची घटना अपवाद म्हणून वेगळी ठेवायची का? तसं करता येतं.”

सुमय्या खुर्चीत बसली. तिच्या ओढणीला धक्क्यावरची चुनखडी लागली होती.

“नको. आज ते सापडले म्हणून आपल्याला कळलं,” ती म्हणाली. “लाल कार्ड मिळालेला माणूस आत गेला की नाही, हे आम्ही कधी मोजलंच नाही. आत किती कार्डं आली, एवढंच मोजलं. याआधी कुणी असंच कुणाला दिलं असेल आणि घरी गेला असेल, तर मला ते माहीत नाही.”

“मग आता काय करणार?”

“लालवाल्याच्या हातात काही द्यायचं नाही. टेबलापाशीच त्याला चाकाच्या खुर्चीत बसवायचं आणि आपल्या माणसाने ढकलत आत न्यायचं. हातातली वस्तू माणूस दुसऱ्याला देतो. बसलेली खुर्ची देणार नाही.”

दारात उभे असलेले डॉ. पाटकर म्हणाले, “ढकलणार कोण? माणसं आहेत का आपल्याकडे?”

“उद्यापासून मी ढकलेन. माणूस मिळेपर्यंत.”

पूजा मॅडमनी लॅपटॉप मिटला. घटना आपल्या अहवालात जशीच्या तशी लिहावी लागेल, असं त्या म्हणाल्या. प्रकल्पाचं काय ते कळवू, एवढंच पुढे बोलल्या आणि निघाल्या. जाताना व्हरांड्यातून त्या जरा हळू चालल्या.

दुपार कलली. ओपीडी रिकामी झाली. झाडूवाली मावशी बाक सरकवत टोकापर्यंत आली आणि तिथला शेवटचा बाक तसाच ठेवून परत गेली. बाबा परब त्यावर बसून होते. डॉक्टरांनी त्यांना दोनदा आत बोलावलं होतं. “धोंड्याचा कळांदे,” एवढंच ते म्हणाले होते. कुणीतरी ठेवलेला चहा शेजारी निवून गेला होता. सुमय्या एकदा त्यांच्याजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने ती उठून आत आली. फोन आतच बरा लागायचा.

ऊन व्हरांड्यातून उतरून गेल्यावर फोन वाजला. संचिताचा नंबर होता, पण आवाज सीताचा.

“बाय, आत घेतल्यानी तेंका. शीर उघडल्यानी म्हणतत. डॉक्टर म्हणालो, आणखी जरा उशीर झालो असतो तर…” मागे संचिता तिला काहीतरी समजावत होती. “आता डोळे उघडल्यानी हत. माका वळाखल्यानी.”

सुमय्या टेबलाच्या कडेला धरून उभी होती. “बरा झाला, काकी. बरा झाला.”

“बाय.”

“काय, काकी?”

“ते पयला ताच विचारीत होते. बाबा रागावले नाय मा?”

सुमय्याने दारातून व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. भरतीची होडी येऊन, देऊळवाडीची उरलेली माणसं घेऊन केव्हाच गेली होती.

“नाय काकी,” ती फोन घेऊन तिकडे चालू लागली. “होडी सोडल्यानी तेनी. सकाळपासून हंयच बसलेहत. थांबा, तेंकाच दितंय.”